खुर्ची गेल्यावरचा वाढदिवस

बेकरी मागे पडली की रस्ता चढाचा होतो. तिथे साहेब थांबले आणि वाकून बुटाची नाडी बघू लागले. धाप लागलेली नाही, नाडी सुटली आहे, असं त्यांनी कुणी न विचारता सांगितलं. नाडी चांगली गच्च बांधलेली होती. ताईंना ती दिसत होती. धाकट्या भावाच्या असल्या नाड्या त्या त्याच्या शाळेच्या दिवसांपासून बघत आल्या होत्या.

दोघं घरातून निघाली त्याला बराच वेळ झाला होता. रस्त्यावरचे दिवे लागले होते आणि साहेबांच्या पोटात अजून घास गेला नव्हता. आज त्यांचा वाढदिवस. पालिकेत हॉटेलांची स्वच्छता तपासणारे निरीक्षक म्हणून सगळा जन्म काढून ते गेल्या हिवाळ्यात निवृत्त झाले, त्यानंतरचा हा पहिलाच. दरवर्षीप्रमाणे तो आसपासच्या हॉटेलांतच साजरा व्हायचा होता. एरवी त्यांच्यासोबत बायको असे, मुलगी असे, कधी मेहुणे, कधी ऑफिसातली दोन-तीन रिकामटेकडी माणसं. यंदा होत्या फक्त ताई, आणि त्याही आयुष्यात पहिल्यांदा.

बायकोने सकाळीच हात झटकले होते. साहेब आरशासमोर भांग पाडत असताना ती मागे येऊन उभी राहिली आणि तिने अगदी शांतपणे विचारलं होतं, "तुम्हाला आजवर एकाने तरी आपणहून जेवायला बोलावलंय का हो, साहेब? तुम्ही येतोय म्हणून कळवता, ते हो म्हणतात. याला बोलावणं म्हणत नाहीत."

नवऱ्याला साहेब म्हणण्याची तिची सवय जुनी. त्यात मान किती आणि टोमणा किती, याचा साहेबांनी कधी विचार केला नव्हता. आज मात्र ते वर्मी लागलं. लोक मला मानतात, खुर्चीला नव्हे, हे आज दाखवूनच देतो, असं म्हणून त्यांनी कोट चढवला. एका तरी हॉटेलवाल्याने पुढे होऊन 'या, बसा, आज तुमचा दिवस' एवढं म्हणावं, की झालं. मग ते बायकोपुढे मान ताठ करून जाणार होते. पण नुसतं सांगून ती विश्वास ठेवणार नाही, हेही त्यांना कळत होतं. म्हणून साक्षीला ताई. ताई खोटं बोलत नाहीत, याबद्दल त्या घरात कुणाचं दुमत नव्हतं.

ताई प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकट्या राहायच्या, सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव घ्यायच्या आणि ते घेतलं हे कुणाला कळू द्यायच्या नाहीत. भावाच्या वाढदिवसाला इतकी वर्षं त्या का गेल्या नव्हत्या, हे त्यांनी त्याला एकदाच सांगितलं होतं. घास तोंडात घालण्याआधी आपण देवाला हात जोडतो. वाढणारा जर आपल्या धाकाने वाढत असेल, तर ते हात जोडायला लाज वाटते. साहेबांनी तेव्हा मोठ्याने हसून म्हटलं होतं, की ताई, तू पुस्तकातलं माणूस आहेस. आज आता धाक उरला नव्हता, तेव्हा यायला हरकत नव्हती. शिवाय बाळ स्वतः घ्यायला आला होता. साठीला टेकलेल्या त्या देहाला ताई अजून बाळच म्हणायच्या.

तर पहिलं हॉटेल होऊन गेलं होतं. ते कोपऱ्यावरचं, दाराशी माशांची काचेची पेटी असलेलं. साहेबांनी दोन दिवस आधी फोन करून 'मी येतोय' एवढंच सांगितलं होतं. इतकी वर्षं एवढं पुरत असे. दाराशी एक मुलगी उभी होती, ओठ रंगवलेली, कानात यंत्र खोचलेली. तिने नाव विचारलं. साहेब म्हणाले, आत सांग, साहेब आलेत.

"कुठले साहेब?" मुलीने विचारलं.

तिचा काही दोष नव्हता. म्हाताऱ्या मालकाने धंदा मुलाच्या हाती दिला होता, मुलाने जुने नोकर काढून नवे ठेवले होते, आणि नव्यांना साहेब म्हणजे कोण हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांना हात धुण्याच्या जागेला लागून असलेलं टेबल मिळालं. मागून येणारं जाणारं गिऱ्हाईक ओले हात झटके आणि थेंब साहेबांच्या कोटावर पडत. साहेबांनी वेटरला जवळ बोलावून, आज वाढदिवस आहे, असं सहज बोलल्यासारखं सांगितलं. वेटरचा चेहरा उजळला. वाढदिवस असेल त्याला हॉटेलतर्फे एक पेस्ट्री फुकट आहे, म्हणाला, फक्त जन्मतारखेचा काहीतरी पुरावा दाखवा.

ज्या माणसाने उभी हयात दुसऱ्यांकडे कागद मागण्यात घालवली, त्याच्याकडे आज जन्माला आल्याचा कागद मागितला गेला. साहेबांचा चेहरा असा झाला, की ताईंना हसू आवरायला पाण्याचा पेला तोंडाला लावावा लागला. "तुझ्या मालकाच्या बापाला विचार माझा पुरावा," असं म्हणून साहेब उठले आणि तरातरा बाहेर पडले. वेटर बिचारा हातात वही घेऊन उभाच.

त्यानंतर चढापर्यंत साहेबांचं तोंड चालू होतं. ही नवी पिढी, हिला माणसं कळत नाहीत. ते हॉटेल आता हॉटेल राहिलं नाही, सरकारी कचेरी झालं. त्या माशांच्या पेटीतलं पाणी पाहिलंस का, आठ दिवस बदललेलं नाही, मी असतो तर टाळं ठोकलं असतं. ताई ऐकत चालल्या होत्या. पेटीतलं पाणी दरवर्षी तसंच असणार, असं त्यांच्या मनात आलं. फक्त दरवर्षी साहेब त्या पाण्याकडे पाठ करून बसत आणि समोर भाजलेली कोंबडी असे.

साहेब काही जन्मापासून असे नव्हते, हे मात्र ताईंना कबूल करावं लागे. लहानपणी हा मुलगा धुतलेलं ताट पुन्हा धुऊन घ्यायचा. पेल्याला वास आला तर पाणी प्यायचा नाही, आईचा मार खायचा पण प्यायचा नाही. त्या स्वच्छतेच्या वेडापायीच त्याने ही नोकरी धरली. सुरुवातीची वर्षं त्याने इमानाने काढली. जळून काळं झालेलं तेल दिसलं की डबाच्या डबा गटारात ओतायला लावायचा. हॉटेलवाले त्याच्या नावाने बोटं मोडायचे आणि हा घरी येऊन ते अभिमानाने सांगायचा.

मग एका वाढदिवसाला कुठल्याशा मालकाने ऑफिसात केक पाठवला. केक चांगला होता, वर चेरी होती. सगळ्या ऑफिसाने खाल्ला. पुढच्या महिन्यात त्या मालकाच्या भटारखान्यातली झुरळं साहेबांना दिसली नाहीत.

तिथून पुढे गाडी उताराला लागली. दुसऱ्या वर्षी तीन केक आले. नंतर साहेब स्वतःच फोन करू लागले. एकाच दिवशी सगळ्यांकडे कसं जमणार, म्हणून वाढदिवस आठवडाभर चालू लागला. एका ठिकाणी सूप घ्यायचं, दुसरीकडे जेवायचं, तिसरीकडे आईस्क्रीम; कुणाचं मन मोडायला नको, असं साहेब म्हणत. मालक दारापर्यंत सोडायला येत, टाळ्या वाजत, नोकर ओळीने उभे राहून गाणं म्हणत. आई होती तोवर तिला वाटायचं, आपल्या पोराला लोक किती जीव लावतात, आणि ती शेजारणींना सांगत सुटायची. साहेबांची मुलगी शाळेत मैत्रिणींना म्हणायची, माझ्या बाबांचा वाढदिवस आठवडाभर असतो, म्हणून तर ते एवढे जाड आहेत. या सगळ्यांत खरं बोलणारी तेवढी ती एकटी पोरगी. आणि साहेबांना हे प्रेमच आहे असं खरोखर वाटत होतं. लबाड माणूस निदान स्वतःशी तरी हिशेबाला पक्का असतो. साहेब तेवढेही लबाड नव्हते. फुकट खायचं आणि वर प्रेम म्हणून ढेकर द्यायचा, अशी त्यांची तऱ्हा.

चढ संपल्यावर दुसरं हॉटेल आलं. लाल पडद्यांचं. याचा मालक साहेबांच्या वयाचा, गोल पोटाचा, आवाजाने दांडगा. त्याने काचेतून साहेबांना पाहिलं आणि हातातलं काम टाकून बाहेर धावला. दोन्ही हातांनी साहेबांचा हात धरून म्हणाला, "साहेब, तुम्ही गेलात आणि आम्ही पोरके झालो बघा."

साहेबांनी ताईंकडे असं पाहिलं, की जणू आत्ताच्या आत्ता हे लिहून घे. ताईंनाही क्षणभर वाटलं, चला, एक तरी निघाला. त्यांनी मनातल्या मनात देवाचे आभारसुद्धा मानले. भाऊ कसाही असला तरी त्याचं तोंड पडलेलं बघायला त्या आल्या नव्हत्या.

मालकाने खिडकीजवळचं टेबल दिलं, स्वतः समोर खुर्ची ओढून बसला आणि पदार्थांची यादी पुढे सरकवण्याऐवजी गाऱ्हाणं सुरू केलं. साहेबांच्या जागी आलेला नवा पोरगा म्हणजे डोक्याला ताप होता. भटारखान्यात दोन दोन तास उभा राहतो, शीतपेटीतल्या मागच्या डब्यांपर्यंत हात घालतो. जेवायला बसवलं तर बसत नाही. पाठीवरच्या पिशवीतून डबा काढतो आणि आमच्याच बाकावर, आमच्याच समोर, घरचं खातो. पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. मालकाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"असल्या माणसाशी वागायचं कसं, तुम्हीच सांगा," तो म्हणाला. "तुमचं बरं होतं. तुम्हाला पोटभर घातलं की आमची वर्षाची काळजी मिटायची. त्याला जरा दोन गोष्टी शिकवा ना तुम्ही."

हे त्याने ताईंच्या देखत, अगदी कौतुकाने म्हटलं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. एखाद्या जुन्या शेगडीबद्दल बोलावं तसं तो बोलत होता, की तिला फार लाकूड लागत नसे. साहेब टेबलावरचा काटा सरळ करत बसले. काटा सरळच होता. थोड्या वेळाने ते म्हणाले, आज माझा वाढदिवस आहे.

"हो का?" मालक म्हणाला. "मग तर झकासच. त्यालाही इथेच बोलवा की. तुमच्या शब्दाला नाही म्हणायचा नाही." मग काहीतरी आठवल्यासारखं करून त्याने सांगितलं, की जेवण घ्या निवांत, नेहमीच्या गिऱ्हाइकांना जी सूट देतो ती तुम्हालाही देईन.

साहेब उठले. या वेळी तरातरा नव्हे. खुर्ची त्यांनी नीट आत सरकवली, डॉक्टरने रात्रीचं हलकं खायला सांगितलंय असं काहीतरी पुटपुटले आणि पडद्याला हाताने बाजूला सारून बाहेर आले. मागून मालक ओरडून सांगत होता, त्या पोराचं तेवढं बघा.

दोघं पुढे निघाली. उतार लागला होता. साहेब झपझप चालत होते आणि ताईंना पदर सावरत त्यांच्या मागे पळावं लागत होतं. शेवटी साहेब म्हणाले, की हा माणूस पहिल्यापासून मूर्ख, तोंडाचा फटकळ, त्याच्या बोलण्याला काही अर्थ नाही.

"मूर्ख असेल," ताई म्हणाल्या. "पण बाळ, आज खरं बोलणारा तोच भेटला. ती मुलगी तुला ओळखत नव्हती. हा ओळखत होता."

साहेबांनी तिसऱ्या हॉटेलचं नाव काढलं. तिथला मालक वेगळा, घरच्यासारखा. ताई म्हणाल्या, तुला जायचं तर जा, मला आता भूक लागलीय, आणि मला माहीत असलेल्या जागी मी जेवणार. साहेबांना भूक लागली नव्हती असं नाही. दुपारी रात्रीच्या मेजवानीसाठी जागा ठेवावी म्हणून त्यांनी नुसत्या चहावर भागवलं होतं. ते मुकाट्याने ताईंच्या मागून चालू लागले. बाजार ओलांडून, शिंप्याच्या दुकानाच्या बाजूने, पोस्टाच्या मागच्या गल्लीत. गल्लीच्या तोंडाशी येऊन मात्र त्यांचे पाय थबकले.

"इथे?" त्यांनी विचारलं.

इथे एक बाई सूप आणि पाव विकायची. जागा म्हणजे एक खोली, चार टेबलं, मागे अंगण आणि अंगणात मोठी पातेली. नोकर नाही, पडदे नाहीत, माशांची पेटी नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी, तिचं दुकान नवं असताना, साहेब तपासणीला म्हणून मागच्या दाराने आत शिरले होते. पुढच्या दाराने ते कुठेच जात नसत, आणि दारावर टकटक करणं हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. सरळ आत जायचं, पातेल्यावरचं झाकण उचलायचं, वास घ्यायचा. त्या दिवशी वास आवडला म्हणून ते बसले आणि वाडगाभर सूप प्यायले. उठताना बाईने पैसे मागितले. भांडून नव्हे. इतर गिऱ्हाइकांना मागते तसेच मागितले. साहेबांनी ते दिले, अंगणातलं गटार उघडं असल्याचं लिहून घेतलं, आणि तिच्या दाराला टाळं लागलं. गटार त्या गल्लीत सगळ्यांचंच उघडं होतं. टाळं निघेपर्यंत बाई घराघरांतून भांडी घासत हिंडली.

ताईंना हे पुढे कळलं, कारण त्या बाईची लेक त्यांच्या वर्गात होती. आपण कोणाची बहीण, हे ताईंनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. बाईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, असेनात का, भूक तुम्हाला लागलीय ना? तेव्हापासून ताई अधूनमधून इथे जेवायच्या, पैसे ठेवायच्या, हात जोडायच्या. यातलं काहीच साहेबांना माहीत नव्हतं. आज गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ताईंनी ते सांगितलं, आणि सांगताना आवाज जरासुद्धा खाली आणला नाही.

साहेब ऐकून घेऊन म्हणाले, की नियम म्हणजे नियम, गटार उघडंच होतं.

"होतं," ताई म्हणाल्या. "आणि लाल पडद्याच्या मागचं?"

साहेब दिव्याच्या खांबाला टेकून उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, की घरी गेल्यावर तू माझ्या बायकोला काय सांगणार आहेस. ताई म्हणाल्या, जे झालं ते. त्यात थोडं इकडे-तिकडे करता येणार नाही का, असं साहेबांनी विचारलं. त्या लाल पडद्यावाल्याने हात धरला होता, पोरके झालो म्हणाला होता, तेवढं सांगायला काय हरकत आहे, तेही खोटं नाहीच.

"तेवढं सांगेन," ताई म्हणाल्या. "मग ती विचारेल, जेवलात काय. तेही सांगेन."

साहेबांनी कोटाचं बटण लावलं, काढलं. ज्या माणसाच्या येण्याने भटारखान्यातले चमचेसुद्धा गप्प होत, तो आता एका गल्लीत, उपाशी, बहिणीशी दोन वाक्यांसाठी घासाघीस करत होता. ताईंना त्याची दया आली नाही असं नाही, पण ती दया त्यांनी जिभेवर येऊ दिली नाही. आयुष्यभर सगळ्यांनी त्याच्या तोंडावर गोड बोलून त्याचं काय करून ठेवलं, हे त्या समोर बघत होत्या.

तेवढ्यात दुकानाचं दार उघडलं. बाई उंबऱ्यावर आली, पातेल्याच्या वाफेने तोंड लाल झालेलं. ताईंना बघून म्हणाली, "ताई, बाहेर काय उभ्या? या की. बार्लीचं केलंय आज, तुम्हाला आवडतं ते."

मग तिची नजर खांबाकडे गेली. साहेब उजेडातून मागे सरकले, पण उशीर झाला होता. सबंध संध्याकाळ ज्या ओळखीसाठी त्यांनी वणवण केली, ती ओळख इथे, नाव न विचारता, पुरावा न मागता, एका नजरेत पटली. बाईचा चेहरा काही फार बदलला नाही. तिने पुसायचं फडकं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकलं. आतून कुणीतरी पाव मागितला, आणि ती आत गेली.

साहेबांनी दाराकडे पाहिलं. अंगणाकडे जाणारा मागचा बोळ त्यांच्या डाव्या हाताला होता, दोन पावलांवर. ताईंना वाटलं, आता हा तिथून घुसणार आणि पातेल्यावरचं झाकण उचलणार, आणि मग आपण याचं तोंड पुन्हा बघायचं नाही. त्यांनी मनातल्या मनात देवाला हाक मारली. साहेब बोळाकडे गेले नाहीत. परतीच्या रस्त्याकडेही गेले नाहीत. त्यांनी दोन्ही मुठी खिशात घातल्या आणि ताईंच्या कानाशी येऊन, शाळेतल्या पोरासारखं, जमिनीकडे बघत म्हणाले,

"ताई, तू पुढे जा. तिला म्हणावं, तो बाहेर उभा आहे, पैसे देऊन जेवणार आहे, त्याने आत आलेलं चालेल का. ती नाही म्हणाली, तर तू सावकाश जेवून ये, मी इथेच थांबतो. पण विचार तेवढं. माझ्याने नाही विचारवत. विचारशील?"